मुलांना पोहायला कुठे घालावे?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की वऱ्हाडातल्या गावोगावी एक गोष्ट ठरलेली असते. ऊन तापू लागले की पोरे घरात थांबत नाहीत. कुणाच्या मळ्यातली विहीर, कुणाचे शेततळे, नदीतला डोह, नाहीतर मुरूम काढून उघडा टाकलेला खड्डा. जिथे पाणी दिसेल तिथे पोरे जमतात. आई मजुरीला गेलेली, बाप कामाला गेलेला. कोण कुठे होते ते संध्याकाळी कळते. बहुतेक दिवशी सगळे घरी परततात. एखाद्या दिवशी एक जण परतत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गेलेला मुलगा, विसर्जनाला गेलेला तरुण, कपडे धुता धुता पाय घसरलेली बाई आणि तिला धरायला गेलेली तिची लेक. नावे बदलतात, बातमी तीच असते.

वाशिम जिल्हा तसा कोरड्या शेतीचा म्हणून ओळखला जातो. पण पाणी आपल्याभोवती काही कमी नाही. पैनगंगा, अडाण, अरुणावती, पूस या नद्या आहेत. वाशिम शहराला पाणी पुरवणारे एकबुर्जी धरण आहे, अडाण धरण आहे, गावोगावचे पाझर तलाव आहेत. गेल्या काही वर्षांत शेतोशेती शेततळी झाली. पाणी आले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पाणी जितके घराजवळ आले, तितके ते अंगवळणी पडले काय? आपल्या किती घरांत सगळ्यांना पोहता येते? घरातल्या बायकांपैकी कितींना येते? प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःला विचारावा, म्हणजे आजचा विषय आम्ही का घेतला ते कळेल.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली दहापैकी नऊ माणसे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. आपल्या देशात पोलिसांच्या नोंदीनुसार २०२२ साली बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर होती. केंद्राच्या आरोग्य खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे अपघात टाळण्यासाठी राष्ट्रीय आराखडा काढला, तो याच कारणाने. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली आहे.

हे मृत्यू कुणाच्या घरात होतात? ज्यांच्या घरी पाण्याचा नळ आहे, मुलांवर लक्ष ठेवायला माणूस आहे आणि सुटीत क्लासला घालायला पैसा आहे, त्यांच्या घरी कमी. ज्यांची आई पहाटे निंदायला जाते त्यांच्या घरी जास्त. म्हणून पोहणे हा श्रीमंतांच्या मुलांचा शौक आहे, ही समजूत आपण आधी सोडून दिली पाहिजे. पोहण्याची खरी गरज आपल्यालाच आहे.

पाण्याचा हक्क आणि पाण्याची विद्या

आपल्या समाजात पोहणाऱ्यांची संख्या कमी का, याचे कारण दूर शोधावे लागत नाही. खेड्यात पोहायला कुणी क्लास लावून शिकत नव्हते. पोरगा आपल्या मळ्यातल्या विहिरीत बापाच्या नाहीतर काकाच्या हाताखाली शिकत असे. ज्याच्याकडे मळा नाही, विहीर नाही, आणि दुसऱ्याच्या विहिरीच्या काठावर चढण्याची ज्याला बंदी, त्याने शिकायचे कुठे? नदीकाठच्या गावांतले आपले पुष्कळ लोक नदीत शिकले, हे खरे. पण ज्या गावाला नदी नाही, तिथे पाणी म्हणजे दुसऱ्याने वरून ओंजळीत वाढायची वस्तू होती. ज्या पाण्याला हात लावू देत नव्हते, त्या पाण्यात उतरायचे कसे शिकणार?

मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर मान्य केले. तरीही कुणाची उतरण्याची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर कोर्टात खटला चालला, तो तब्बल दहा वर्षे. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही विहिरी, तलाव आणि स्नानघाट वापरायला आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. तलाव आणि स्नानाचा घाट हे शब्द देशाच्या संविधानात आले आहेत, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

हक्क असा झगडून मिळाला. पण हक्क मिळाला म्हणून पाण्यात तरंगता येत नाही. ती विद्या वेगळी शिकावी लागते, आणि आजच्या पालकांनी ती पुढच्या पिढीला मिळवून दिली पाहिजे.

शिकायचे म्हणजे नेमके काय?

बहुतेक पालकांना वाटते, मुलगा हातपाय मारून दहा हात पुढे गेला की त्याला पोहता आले. हे अर्धे शिक्षण आहे, आणि अर्धे शिकलेला मुलगा कधी कधी अजिबात न शिकलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण त्याची भीती गेलेली असते आणि दम तयार झालेला नसतो.

क्लास कोणताही असो, मुलाने पुढच्या गोष्टी या क्रमाने शिकल्या पाहिजेत. पहिली, तोंड पाण्यात घालून श्वास बाहेर सोडणे आणि वर येऊन आत घेणे. यालाच बुडबुडे काढणे म्हणतात. दुसरी, पालथे आणि उताणे होऊन हातपाय न झाडता तरंगणे. तिसरी, काठाला धरून पाय मारणे. चौथी, पाय मारत सरळ पुढे जाणे. हात मारणे, श्वासाला मान वळवणे हे त्यानंतर. ज्याला उताणे तरंगता येते, तो दमला तरी बुडत नाही. पाण्यावर पडून दम घेतो आणि हाक मारतो. म्हणून फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक ही नावे ऐकून भारावू नका. पहिल्या आठवड्यात तरंगायला शिकवतात काय, हे विचारा.

शिक्षण पुरे झाले की नाही हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. मुलाला न थांबता २५ मीटर पोहता आले पाहिजे आणि पाय टेकत नाहीत अशा पाण्यात अर्धा मिनिट तरी जागच्या जागी तरंगता आले पाहिजे. आमचे तर म्हणणे आहे की शेवटच्या दिवसांत एकदा साध्या कपड्यांवर पोहायला लावावे. नदीत पडणारा मुलगा चड्डी-सदऱ्यावरच पडतो.

वय किती असावे? जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी असे सांगते. सहाच्या आतल्या मुलाला पोहणे शिकवण्यापेक्षा त्याच्यावर नजर ठेवणे आणि त्याला पाण्यापासून लांब ठेवणे जास्त महत्त्वाचे. आणि वरची मर्यादा कोणतीच नाही. चाळिशीच्या बापानेही शिकावे. मुलगा आणि बाप एकाच बॅचला गेले तर मुलाला धीर येतो आणि बापालाही लाज वाटेनाशी होते.

विहीर बरी की तरण तलाव?

आपल्याकडे शिकण्याची जुनी पद्धत म्हणजे पाठीला तेलाचा रिकामा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि विहिरीत सोडायचे. अलीकडे गाडीच्या चाकाची ट्यूब आली. या पद्धतीने हजारो माणसे शिकली आहेत, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पैसा लागत नाही, शिकवणारा घरचा असतो, आणि खोल पाण्याची सवय पहिल्या दिवसापासून होते.

पण तिचे धोकेही डोळ्यांआड करू नयेत. विहिरीला उथळ भाग नसतो. डब्याचे बूच निघाले, दोर सुटला की पाय टेकायला जागा नाही. पायऱ्या नसलेल्या विहिरीतून दमलेल्या माणसाला वर येता येत नाही. पाण्याखाली मोटारीचा पाइप, वायर, दगड, काटेरी फांद्या असतात. मोटार चालू असताना विहिरीत कुणीही उतरू नये; वायरीत दोष असेल तर पाण्यात करंट उतरतो. बरेच दिवस बंद असलेल्या, गाळाने भरलेल्या विहिरीत विषारी वायू साचतो. त्यात उतरलेला एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. म्हणून विहिरीत शिकवायचे असेल तर पायऱ्यांची, रोजच्या वापरातली, स्वच्छ विहीर हवी. काठावर दोर धरून एक आणि पाण्यात एक, असे दोन चांगले पोहणारे मोठे माणूस हवे. आणि एका वेळी एकच मूल पाण्यात असावे.

धरणात किंवा वाहत्या नदीत नवशिक्याला शिकवू नये. धरणाचा तळ कुठे अचानक खोल जातो ते वरून दिसत नाही, गाळात पाय रुततो. बॅरेजच्या दारांजवळचे पाणी वरून शांत दिसते आणि आतून ओढते.

तरण तलावाचा फायदा असा की तिथे एका बाजूला कमरेइतके पाणी असते, तळ दिसतो आणि धरायला काठ असतो. आपल्या शहरात किंवा तालुक्याला तरण तलाव आहे काय, तो चालू आहे काय, उन्हाळी शिबिर कधी भरते, हे नगर परिषदेत आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. शिबिराच्या जागा लवकर भरतात, तेव्हा मार्च महिन्यातच चौकशी केलेली बरी. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ सालची जुनी संस्था आहे. तिथे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज आहे, पोहण्याचा तलाव आहे. अमरावतीला किंवा अकोल्याला शिकायला असलेल्या आपल्या मुलामुलींनी तिथल्या मुक्कामाचा फायदा घ्यावा. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे खास सांगणे आहे की परीक्षा संपल्यावर लगेच गावाकडे न येता एक महिना पोहण्याला द्या. तुम्ही शिकलात तर तुमच्या वस्तीला शिकवणारा मिळेल.

पैसे भरण्याआधी हे पाहा

क्लास लावायच्या आधी एक दिवस मुलाला न घेता जावे आणि चालू बॅच अर्धा तास काठावर उभे राहून पाहावी. पाहू देत नसतील तर तिथे मूल घालू नये. काय पाहावे?

पाणी पाहावे. सगळ्यात खोल भागातली तळाची फरशी स्पष्ट दिसली पाहिजे. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर खाली गेलेले मूल कुणालाच दिसणार नाही. औषधाचा उग्र वास येत असला म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे समजू नये. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तसा वास सुटतो. आंघोळ करूनच पाण्यात उतरायचा नियम तिथे पाळला जातो काय, तेही पाहावे.

जीवरक्षक पाहावा. शिकवणारा वेगळा आणि काठावर नुसता लक्ष ठेवणारा वेगळा असला पाहिजे. शिकवणाऱ्याची नजर एका मुलावर असते; बाकीच्यांना कोण पाहणार? जीवरक्षक मोबाईलवर बोलत बसला असेल तर तो असून नसल्यासारखा. बचावाची रिंग, लांब बांबू आणि दोर हाताशी आहेत काय, हेही पाहावे.

एका शिक्षकामागे किती मुले आहेत ते मोजावे. लहान नवशिक्या मुलांसाठी पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक असावा. तीस मुले एकाच्या हवाली असतील तर ते शिक्षण नव्हे, नुसते डुंबणे झाले.

शिकवण्याची रीत पाहावी. मुलाला उचलून खोल पाण्यात फेकणारा, रडणाऱ्याला बुचकळणारा, 'भित्रा' म्हणून चिडवणारा शिक्षक नको. भीती हा अपमानाचा विषय नाही. ज्या मुलाच्या घरात दोन पिढ्यांत कुणी पोहलेले नाही, त्याला भीती वाटणारच. चांगला शिक्षक त्याला आठवडाभर उथळ पाण्यात खेळवतो आणि त्याच्याबरोबर स्वतः पाण्यात उतरतो.

शिक्षकाला स्पष्ट विचारावे: तुम्ही कुठे शिकलात? जीव वाचवण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे काय? महिनाभरात मुलगा किती शिकेल? 'आठ दिवसांत हमखास' म्हणणाऱ्यापेक्षा 'मुलावर अवलंबून आहे' म्हणणारा जास्त विश्वासाचा समजावा. मुलाला फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा कान वाहत असेल तर ते लपवू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे आणि शिक्षकाला सांगावे.

आणि एक गोष्ट. कुठेही आडनाव विचारून, वस्ती विचारून मुलाला वेगळे काढले जात असेल, वेगळी वेळ दिली जात असेल, तर गप्प राहू नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नदी, विहीर, तलाव आणि स्नानघाट वापरायला अनुसूचित जातीच्या माणसाला अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला आहे. आपल्यातले पुष्कळ जण दाखल्यावर बौद्ध लिहितात. महाराष्ट्रातून बौद्ध झालेल्यांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचे संरक्षण केंद्राच्या कायद्याने मिळालेले आहे, तेव्हा जातीचा दाखला व्यवस्थित ठेवावा. भांडण करायला जाऊ नये, पण मागेही हटू नये. लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी.

लेकी आणि आया

आपल्या घरात पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध कुणाचा येतो? बाईचा. धुणे तिचे, हंडे तिचे, जनावरांना पाणी दाखवणे तिचे. पण पोहायला घरातला मुलगा जातो. मुलगी घरी राहते. हा कुठला न्याय? पाणी बाई-माणूस पाहून बुडवत नाही.

मुलींना घालताना महिलांची वेगळी बॅच आहे काय, शिकवणारी बाई आहे काय, कपडे बदलायला बंद खोली आहे काय, हे आईने स्वतः जाऊन पाहावे. कपड्यांचा बाऊ करू नये. पूर्ण अंगाचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. त्यावर घट्ट टोपी घातली की झाले. साडी, ओढणी, सैल पंजाबी ड्रेस मात्र पाण्यात नको. भिजलेले कापड पायात अडकते आणि खाली ओढते. वयात आलेल्या मुलीला पाळीच्या दिवसांत सुटी द्यावी, तेवढ्यासाठी क्लास बंद करू नये. लहान मुलींच्या बॅचला एक तरी आई आळीपाळीने काठावर बसलेली असावी.

बायकांच्या हिमतीबद्दल कुणाला शंका असेल तर त्याने हे वाचावे. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूच्या पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर काही तरुण बुडू लागले. काठावर धुणे धुणाऱ्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडल्या, त्या पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. उरलेल्या दोघांपर्यंत त्यांचे हात पोचले नाहीत. तमिळनाडू सरकारने पुढे त्या तिघींचा गौरव केला.

आणि शरीर धड नाही म्हणून कुणी बसून राहू नये. अमरावतीची कांचनमाला पांडे जन्मापासून दृष्टिहीन. तिने २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या दिव्यांगांच्या जागतिक जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे ठरले. डोळे नाहीत, पाय चालत नाहीत, अशांना पाण्याने जवळ केले. आपली धडधाकट मुले काठावर का उभी राहावीत?

पैशांचे काय?

हा खरा प्रश्न आहे. मजुराच्या घरात तीन मुले असतील तर तिघांची महिन्याची फी, पोशाख, टोपी, चष्मा आणि जाण्यायेण्याचे भाडे कुठून आणायचे? आमच्या काही सूचना आहेत.

एकट्याने जाऊ नये. वस्तीतली दहा-बारा कुटुंबे मिळून जावे. दहा मुलांची बॅच एकदम आली तर फीत सवलत मागता येते, वेळ सोयीची घेता येते आणि ऑटोचे भाडे वाटले जाते. सोबत रोज एक पालक पाळीने जाऊ शकतो. नगर परिषदेचा किंवा सरकारी तलाव असेल तर खाजगीपेक्षा तो आधी पाहावा, आणि गरीब मुलांसाठी सवलत आहे काय हे लेखी अर्ज करून विचारावे. चष्मा आणि टोपी मोठ्या भावंडाची धाकट्याला चालते. महागड्या वस्तू घ्याव्यात म्हणून कुणी आग्रह धरला तर नमस्कार करून पुढे जावे. तिन्ही मुलांना एका वर्षी जमत नसेल तर आधी मोठीला घालावे, कारण धाकट्यांना घेऊन नदीवर जाते ती तीच.

आणि आमच्या मंडळांना एक विनंती. दरवर्षी १४ एप्रिलच्या जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, वाजंत्रीवर खर्च करतो. उत्साह असावा, त्याला आमची ना नाही. पण त्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून मे महिन्यात वस्तीतल्या दहा मुलामुलींना पोहायला पाठवले तर? ज्यांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे कोर्ट चालवले, त्यांच्या जयंतीला यापेक्षा शोभणारे दुसरे काय असेल?

जिथे तलावच नाही

मानोरा, रिसोड, मालेगाव तालुक्यांतल्या आतल्या खेड्यांतून रोज शहरात येणे कुणालाच परवडणार नाही. त्यांनी काय करावे? बांगलादेशाचे उदाहरण घ्यावे. तो देश आपल्यापेक्षा जास्त पाण्याचा आणि तितकाच गरीब माणसांचा. तिथे तरण तलाव न बांधता गावातल्याच तळ्यात बांबूंचे कुंपण आणि बांबूचा मचाण घातला. त्यामुळे मुलांना पाय टेकता येतील असे सुरक्षित पाणी तयार झाले. गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवण्याचे प्रशिक्षण दिले. मुलाने २५ मीटर पोहून आणि ३० सेकंद तरंगून दाखवले की तो पास. वर सांगितलेली परीक्षा तिथलीच आहे. तपासणी झाली तेव्हा शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहून कमी आढळले.

हे आपल्याकडे होऊ शकते. पण ग्रामपंचायतीचा ठराव, जाणकार शिक्षक आणि सुरक्षित जागा या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय उगाच प्रयोग करू नये. ग्रामसभेत हा विषय मांडावा. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पिंजर येथे संत गाडगेबाबांच्या नावाचे शोध व बचाव पथक आहे. पाण्यात उतरून माणसे काढण्याचे काम ते करते. अशा माणसांना गावात बोलावून मुलांना दोन शब्द सांगायला लावले तरी पुष्कळ उपयोग होईल.

शेततळ्याबद्दल मात्र सक्त सांगणे आहे. तिथे पोहायला कुणीही जाऊ नये, येत असले तरी. त्याच्या तळाला आणि उतरत्या बाजूंना प्लास्टिक अंथरलेले असते. ओले झाले की त्यावर शेवाळ धरते आणि पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. ज्यांचे शेततळे आहे त्यांनी भोवती तारेचे कुंपण घालावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत. खर्च थोडा आहे, त्याने कुणाचा तरी जीव वाचेल.

कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होते, हात आडवे पाण्यावर मारले जातात, आवाज फुटत नाही. एका मिनिटाच्या आत तो खाली जातो. म्हणून पोहणाऱ्या मुलांचा गलबला अचानक थांबला की समजावे आणि मोजावे.

त्याला काढायला उडी मारू नये. एकामागे एक तीन-चार जण बुडतात ते याच चुकीने. बुडणारा मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. काठावर पालथे पडून काठी, बांबू, दोर, साडी, धोतर पुढे करावे. रिकामी प्लास्टिकची कॅन झाकण लावून फेकावी. ती धरून तो तरंगतो. लगोलग माणसे गोळा करावीत आणि १०८ ला फोन करावा.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट घागरीवर दाबणे हे जुने प्रकार करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर सपाट जागी उताणे निजवावे, हनुवटी वर करून नाक दाबावे आणि तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर ३० वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. पाणी फुफ्फुसात गेलेले असते आणि त्रास काही तासांनी वाढतो. हे कसे करायचे ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

शेवटी एवढेच सांगायचे आहे. आपण मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतो. पुस्तके, फी, ट्यूशन यांत कसूर करत नाही. त्या यादीत पोहण्याची एक ओळ वाढवावी. एकदा शिकलेले पोहणे जन्मात विसरत नाही, त्याला पुन्हा फी लागत नाही, आणि ते कुणी हिरावूनही घेऊ शकत नाही. या उन्हाळ्यात वस्तीत एक बैठक घ्या, पोहता न येणाऱ्या मुलामुलींची नावे लिहून काढा, चौकशीला दोघांना पाठवा. यादीत मुलींची नावे आधी लिहा.